अल्पस्मृति संगणकाचा संसार

संगणक मंद चालूं लागला कीं घरांत दोन मतें निघतात. नवा घ्यावा, हें एक. कोणीतरी सांगितलेला आंकडा घालून पाहावा, हें दुसरें. पहिल्यांत पैसा जातो, आणि दुसऱ्यांत प्रसंगीं घरांतील छायाचित्रेंही जातात. तेव्हां आंकडा बदलण्यापूर्वीं तो कशाचा आहे हें समजून घेणें बरें.

उदाहरणादाखल रास्पबेरी पाय हें तळहातावर मावणारें यंत्र घेऊं. मुलांनीं संगणकाचें शास्त्र शिकावें म्हणून केंब्रिजच्या एका संस्थेनें तें काढलें आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं तें विक्रीस आलें. किंमत ३५ डॉलर. आणि काम चालू असतांना लागणारी स्मृति, जिला रॅम म्हणतात, अवघी २५६ मेगाबाइट. त्याच वर्षीं ती ५१२ करण्यांत आली. त्यांतूनही चित्रें दाखविणारा भाग आपला वांटा आधींच काढून घेतो. यंत्राला पडदा जोडावयाचा नसेल, केवळ छायाचित्रें सांठविण्याच्या कामीं तें लावावयाचें असेल, तर हा वांटा १६ मेगाबाइटपर्यंत उतरवितां येतो. ही फुकटची मिळकत सोडूं नये.

स्मृति अपुरी पडली म्हणजे लिनक्स ही कार्यप्रणाली दोन तऱ्हांनीं जागा करते. कार्डावरून वाचून जवळ ठेवलेलीं फायलींचीं पानें ती टाकून देते. लागलींच तर तीं पुन्हां वाचतां येतात. किंवा चालू कार्यक्रमांचीं स्वतःचीं पानें, ज्यांची दुसरी प्रत कोठेंच नसते, तीं उचलून राखीव जागेंत, म्हणजे स्वॅपमध्यें, नेऊन ठेवते. यांपैकीं कोणत्या पानांवर अधिक हात घालावा हें ठरविणारा आंकडा तो स्वॅपिनेस. मुळांत तो ६० असतो. स्मृति ६० टक्के भरली कीं स्वॅप सुरू होतो, हा फार पसरलेला समज अगदीं निराधार आहे. दोन्ही कामांस सारखाच खर्च पडतो असें मानलें तर आंकडा १०० येतो. स्वॅप जितका महाग, तितका तो खालीं आणावयाचा.

आणि मेमरी कार्डावरील स्वॅप खरोखरच महाग असतो. कार्ड लिहिण्यास मंद. शिवाय त्यावर किती वेळां लिहितां-पुसतां येईल याला मर्यादा. अहोरात्र पानांची नेआण चालली तर तें लौकर झिजतें, आणि मुलांचीं छायाचित्रें बहुधा त्याच कार्डावर! अशा ठिकाणीं आंकडा १० पर्यंत आणणें शहाणपणाचें. शून्यावर मात्र नेऊं नये. मग क्वचित् लागणारीं पानेंही स्मृतींत जागा अडवून बसतात, आणि फायली पुन्हां पुन्हां वाचण्यांत यंत्र गुंतून राहतें.

याहून चांगला उपाय झेडरॅमचा. २०१४ पासून तो लिनक्सच्या गाभ्यांतच आहे. त्यांत बाजूस सारलेलीं पानें कार्डावर न नेतां दाबून स्मृतींतच ठेवतात. हिंवाळा सरल्यावर दुलया घट्ट बांधून त्याच खोलींतील पेटाऱ्यांत भराव्या तशीं. पान पुष्कळदां निम्म्याहून कमी जागेंत बसतें. प्रक्रियकाला श्रम थोडे अधिक पडतात इतकेंच. गंमत अशी कीं, येथें स्वॅप स्वस्त झाल्यामुळें आंकडा वर न्यावयाचा! २०२० पासून त्याची कमाल मर्यादा २०० झाली ती याच कारणानें. एकाच प्रश्नास दोन जाणते उलट उत्तरें देतात तेव्हां दोघेही बहुधा खरेंच बोलत असतात. स्वॅप कोठें आहे एवढेंच सांगावयाचें राहून जातें.

बदल लागू पडला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ‘फ्री’ ही आज्ञा द्यावी, परंतु त्याच नांवाचा रकाना पाहून घाबरूं नये. ‘अव्हेलेबल’ हा रकाना वाचावा. नंतर ‘व्हीएमस्टॅट ५’ ही आज्ञा दिली म्हणजे दर पांच सेकंदांनीं एक ओळ उमटते. पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडावी. कार्डावर स्वॅप असतां ‘एसआय’ व ‘एसओ’ हे रकाने सतत भरलेले दिसले, तर स्मृति खरोखरच अपुरी आहे. तेथें एखादा कार्यक्रम बंद करण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आंकडा प्रथम तात्पुरताच घालावा; यंत्र बंद करून सुरू केलें कीं तो पूर्ववत् होतो. आठवडाभर ठीक चाललें तर कायमचा लिहावा, आणि या साऱ्याच्या आधीं छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या कार्डावर काढून ठेवावी.