जुना गेम, नवा पैसा : कमाई नेमकी कुणाची?

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४' या गेमची सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. गेम १९९६ चा. मग एवढा पैसा कुणाच्या खिशात गेला? आम्ही सोपं करून सांगतो.

जुन्या गेमचा बाजार दोन प्रकारचा आहे. पहिला, जुन्या कॅसेटचा. इथे पैसा कॅसेट जपून ठेवणाऱ्याला आणि लिलाव कंपनीला मिळतो. गेमची मालक निन्टेन्डो कंपनी. तिची कमाई पहिल्या विक्रीतच झालेली असते.

दुसऱ्या बाजारात कंपनीच तोच गेम पुन्हा विकते. निन्टेन्डोने २००६ पासून 'वी' या कन्सोलवर जुने गेम डाउनलोडसाठी विकले. जानेवारी २०१९ मध्ये ते ऑनलाइन दुकान बंद झालं. आता त्यातले बरेच गेम 'स्विच'वर वर्गणी भरून खेळायला मिळतात. वर्गणी थांबली की खेळही थांबला.

आणि गेम बनवणारा? अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत 'टेट्रिस' बनवला. तो जगभर खपला, पण हक्क सोव्हिएत सरकारकडे होते. पाजित्नोव यांना रॉयल्टी सुरू व्हायला १९९६ उजाडलं. पगारावर राबणाऱ्या बहुतेक कारागिरांना तर तीही मिळत नाही.

म्हणून मुलांसाठी 'क्लासिक' गेम घेताना आधी विचारा: आपण वस्तू विकत घेतोय, की फक्त खेळायची परवानगी? कॅसेट उद्या दुसऱ्याला विकता येते. डाउनलोड सहसा विकता येत नाही.