भिंतीआडचे आवाज

बाघ नदीच्या काठचे राजेगाव हे बालाघाट जिल्ह्याच्या सीमेवरचे गाव. पूल ओलांडला की गोंदिया जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. इकडचा हिवाळा अंगणातील शेकोटीवर, फार तर खोलीतील शेगडीवर निभावतो. सबंध घर एकाच यंत्राने उबदार ठेवायचे आणि त्यासाठी भिंतींतून व जमिनीखालून गरम पाण्याचे नळ फिरवायचे, ही गोष्ट येथील वडीलधाऱ्यांच्या अनुभवास प्रथम येते ती मुलाच्या वा मुलीच्या परदेशातील घरी पहिला हिवाळा काढताना. दिवसा त्या उबेचे कौतुक वाटते. मध्यरात्री मात्र भिंतीत कोणी खिळे ठोकीत आहे, जमिनीखाली कोणी घागर रिती करीत आहे, असे आवाज कानी येऊ लागतात. सकाळी विचारावे तर सूनबाई सांगतात, "आई, ते रोजचंच आहे, तुम्ही निश्चिंत झोपा."

हे उत्तर अर्धेच खरे आहे. काही आवाज रोजचे असतात. काही दुखण्याचे असतात. त्यांतला भेद ओळखण्यास अभियंता असण्याची गरज नाही. ज्यांनी सायंकाळी निवू लागलेल्या टिनाच्या छताची टकटक ऐकली आहे आणि विहिरीवरील पंपाने हवा धरली हे ज्यांना बांधावरूनच कळते, त्यांच्यापाशी लागणारा कान आधीच आहे.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. ब्रिटनमधील बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर किंवा एखाद्या कपाटात बॉयलर असतो. गॅसच्या ज्योतीवर त्यात पाणी तापते. एक लहान पंप ते पाणी नळांतून खोल्याखोल्यांत पाठवितो. खिडकीखालच्या लोखंडी पत्र्याच्या रेडिएटरमधून ते ऊब देते आणि निवून परत येते. ही सोय तेथेही फार जुनी नव्हे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. त्या काळच्या मराठी बिऱ्हाडांची थंडी सामान्यतः कोळशाच्या वा गॅसच्या शेगडीपुढेच जात असे. १९६७ ते १९७७ या दशकात उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू घरोघर पोहोचला आणि मग ही व्यवस्था सर्वसाधारण झाली.

आता आवाज. तो केव्हा येतो आणि कोठून येतो, या दोन प्रश्नांतच निम्मे निदान असते.

यंत्र सुरू होताना व बंद झाल्यावर काही मिनिटे टिकटिक किंवा करकर ऐकू येत असेल, तर ते नळांचे प्रसरण व आकुंचन होय. तांब्याचा दहा मीटर लांबीचा नळ पन्नास अंशांनी तापला की सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढतो. (आपल्या बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडला तांब्याची एवढी मोठी खाण आहे, तांबे किती लवकर तापते हे इकडे कोणाला नव्याने सांगायला नको.) वाढणारा नळ लाकडी तुळईच्या खाचेत घट्ट बसला असेल, तर तो सरकताना लाकडाला घासतो. यात धोका नाही. खाच किंचित रुंद करून नळाभोवती नमद्याचा तुकडा घातला की आवाज थांबतो.

खळखळ किंवा गुडगुड ही हवेची खूण. अशा वेळी रेडिएटरला हात लावून पाहावा. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल, तर वर हवा अडकली आहे. यंत्र बंद करून, पाणी निवू देऊन, खाली वाटी व फडके धरून वरच्या कोपऱ्यातील लहान चावी अर्धा फेरा सैल करावी. हवा फुसकन निघून पाण्याचा थेंब दिसताच ती आवळावी. नंतर बॉयलरवरील दाबमापक पाहावा. थंड असताना त्याचा काटा बहुधा एक ते दीड बारच्या दरम्यान असावा लागतो.

महिन्या-पंधरा दिवसांनी पुन:पुन्हा हवा काढावी लागत असेल, तर मात्र थांबून विचार करावा. एक तर कोठे गळती असेल, नाहीतर ती हवा नसून हायड्रोजन असेल. लोखंड आतून गंजताना हा वायू सुटतो आणि काळा गाळ मागे राहतो. तो तळाशी बसल्याने रेडिएटर उलट तऱ्हेने वागतो, म्हणजे वर गरम आणि खाली गार. असा गाळ धुवून काढून पाण्यात गंजरोधक द्रव्य घालावे लागते. दुर्लक्ष केल्यास पंप आणि पाठोपाठ बॉयलर जातो, आणि तो खर्च घरच्या महिन्याच्या हिशेबात बसत नाही.

खुद्द बॉयलरमधूनच किटली उकळल्यासारखी घरघर येत असेल, तर बहुधा आत क्षार धरला आहे. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर चढतो, तोच प्रकार. लंडन व आग्नेय इंग्लंडमधील पाणी खडूच्या थरांतून येत असल्याने दुष्फेन, म्हणजे साबणाला नीट फेस येऊ न देणारे असते. स्कॉटलंडचे बहुतांशी सुफेन. थराखाली अडकलेले पाणी जागच्या जागी उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. गाळामुळे प्रवाह मंदावला तरी असाच नाद होतो. हे काम जाणत्या कारागिराचे.

धाडकन बसणाऱ्या ठोक्याची कथा निराळी. वाहते पाणी एकाएकी अडले की त्याचा सारा वेग दाबात बदलतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून याचे गणित मांडले. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात थांबविले, तर नळातील दाब सुमारे बारा-तेरा वातावरणांनी वाढू शकतो. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत पाण्याऐवजी वाफच खेळविलेली असते. तेथे निवलेले पाणी नळाच्या खोलगट भागात साचले की मागून येणारी वाफ त्याचा गोळा वळणावर आपटते. रात्री घण घातल्याचा भास होतो तो यामुळे. एकाच नळाच्या जुन्या व्यवस्थेत रेडिएटरचा चावीकडे किंचित उतार करावा आणि चावी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवावी. अर्धवट उघडी चावी हेच पुष्कळदा मूळ असते.

हे सारे आवाज झोपमोड करतात. जीव घेणारा दोष बहुधा मुका असतो. ज्योत नीट न जळाल्यास किंवा धुराडे तुंबल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपल्याकडे हिवाळ्यात छापून येतात. तो हाच वायू. डोके दुखणे, मळमळ, घेरी ही त्याची लक्षणे. घरातील साऱ्यांना एकदम त्रास व्हावा आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटावे, तर सर्दी-पडसे समजून काढा करीत बसू नये.

म्हणून परदेशी गेल्यावर मुलाला रेडिएटरविषयी विचारण्याआधी हे विचारावे की बॉयलरची वार्षिक तपासणी झाली आहे काय आणि या वायूची सूचना देणारी डबी घरात आहे काय. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात जेथे गॅसचा बॉयलर असेल त्या खोलीत अशी डबी बसविणे घरमालकावर बंधनकारक आहे. स्वतःच्या घरात ती ज्याची त्याने लावायची. गॅसचे काम तेथे नोंदणीकृत कारागिराखेरीज कोणी करू नये असा नियम आहे, तेव्हा हौशी शेजाऱ्याला पान्हा घेऊन बोलावू नये. त्या डबीने मधूनमधून एकच बारीक चिवचिव केली, तर बहुधा तिची बॅटरी संपत आली आहे. मात्र ती सलग कर्कश वाजू लागली, तर गॅस बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांना घेऊन बाहेर पडावे. बाहेर बर्फ पडत असला तरी स्वेटर शोधीत बसू नये.