धातूची नर्तकी आणि तिचे नाव

नर्तक, नर्तकी आणि कसरत करणारे नट यांच्या लहान धातुप्रतिमा जमविण्याचा छंद जुना आहे व तो अनेक देशांत आढळतो. अशा प्रतिमांचे वय, धातू आणि शैली ठरविणे हे मुख्यतः कलेतिहासाचे काम. परंतु प्रतिमेला नाव देणे ही भाषिक क्रिया आहे. वस्तू संग्रहात येताना तिच्यावर पहिला संस्कार नावाचा होतो आणि तो चुकला, तर पुढील वर्णनही त्याच चुकीच्या वाटेने जाते. या विधानाचा पडताळा प्रस्तुत लेखकाला स्वतःच्याच चुकीतून आला. म्हणून आरंभ तेथूनच करणे योग्य होईल.

पालघरच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानी मोडीचा ढीग पडला होता. ‘मोड’ म्हणजे वजनावर घातलेली जुनी, फुटकी भांडी. ‘मोडीत काढणे’ या वाक्प्रचाराचे मूळ याच व्यवहारात आहे. पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात, अन्यत्र झाले त्याप्रमाणेच, स्टीलची भांडी आली आणि तांब्यापितळेची मोडीत निघाली. त्या ढिगात बोटभर लांबीची एक स्त्रीप्रतिमा मिळाली. तिचे शरीर मागे कमानीसारखे वाकलेले, तळहात व तळपाय एका पातळीत टेकलेले. मी वहीत नोंद केली : ‘नर्तकी, कांस्य.’ दुकानदार तिला ‘पुतळी’ म्हणत होता. शेजारी कळशी बदलण्यास आलेल्या एका वृद्ध बाईंनी ती हातात घेतली आणि म्हटले, “नाचते कुठं? वाकलीय ती. हिला धरून झाकण उचलायचं.”

त्यानंतर जे दिसले ते आधीही समोरच होते. तळहात-तळपायांखाली डाखाच्या खुणा होत्या. पोट आणि पाठ बोटांच्या घर्षणाने गुळगुळीत झाली होती, चेहरा मात्र झिजलेला नव्हता. ती झाकणाची मूठ होती. झाकण व त्याखालचा डबा आदल्याच आठवड्यात भट्टीकडे गेला होता. धातूही कांस्य नसून पितळ होता. माझ्या नोंदीत दोन शब्द होते आणि दोन्ही चुकले होते.

प्रथम ‘कांस्य’ या शब्दाचा विचार करू. संस्कृत ‘कांस्य’ मराठीत दोन वाटांनी आला आहे. बोलीत त्याचे ‘कासे’ झाले आणि अर्थ निश्चित राहिला : सुमारे ७८ भाग तांबे व २२ भाग कथील यांची, नाद देणारी पण आघाताने फुटणारी मिश्रधातू. ग्रंथभाषेत तोच शब्द तत्सम रूपाने ‘ब्राँझ’चा पर्याय म्हणून रूढ झाला व कथिलाचे प्रमाण कितीही असले तरी चालू लागला. त्याही पुढे जाऊन संग्राहकांच्या बोलण्यात तो कोणत्याही पिवळसर ओतीव प्रतिमेला लावला जातो, मग ती तांबे व जस्त यांचे पितळ का असेना. धातुकाम करणाऱ्यांची भाषा याहून काटेकोर आहे. तांबट घडतो आणि ओतारी ओततो. ‘घडीव’ व ‘ओतीव’ या विशेषणांत दोन व्यवसायांचा भेद सामावलेला आहे. नोंद करताना ‘कांस्य’ हे भारदस्त नाम वापरण्याआधी ‘ओतीव की घडीव’ हा साधा प्रश्न विचारला, तर पुष्कळ घोटाळे टळतील.

दुसरा शब्द ‘नर्तकी’. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली १०.५ सें. मी. उंचीची कांस्यप्रतिमा या नावाने जगप्रसिद्ध आहे. परंतु ती स्त्री उभी आहे. उजवा हात कमरेवर, डावा हात बांगड्यांनी भरलेला. तिच्या देहावरून नृत्य सिद्ध होत नाही. उत्खनकांच्या पिढीने तिच्या उभे राहण्यात नाच पाहिला, आणि पुढे ते अनुमान न राहता नाव झाले. अनुमानाविषयी वाद घालता येतो. विशेषनामाविषयी कोणी वाद घालीत नाही. नामकरणाची खरी जोखीम येथे आहे.

पालघरच्या मुठीचे दूरचे साम्य इटलीत सापडते. प्राचीन प्रेनेस्ते, म्हणजे आजचे पालेस्त्रिना, येथील इ. स. पू. चौथ्या शतकाच्या सुमाराच्या दंडगोलाकार कांस्यपेट्यांना ‘सिस्टा’ म्हणतात. त्यांपैकी काहींच्या झाकणांवर मागे वाकलेला कसरतपटू हीच मूठ आहे. दोन्हींत ऐतिहासिक संबंध आहे असे मुळीच सुचवावयाचे नाही. कमान केलेला देह हाताच्या पकडीस सोयीचा असतो, एवढेच साम्याचे कारण पुरेसे आहे. मात्र अशा मुठी पेट्यांपासून सुटून संग्रहालयांत स्वतंत्र शिल्पे म्हणून उभ्या आहेत, हेही साम्य लक्षात घ्यावे.

तिला ‘नर्तकी’ऐवजी ‘डोंबारीण’ किंवा ‘कोल्हाटीण’ म्हणावे काय? हे शब्द कसरत दाखवितात खरे, परंतु ते समाजांची नावेही आहेत, आणि ‘डोंबाऱ्याचा खेळ’ या प्रयोगात अवहेलनाही मिसळलेली आहे. वस्तू देणाऱ्याने तो शब्द वापरला असेल तर त्याच्या तोंडचा म्हणून अवश्य टिपावा. नोंदणाऱ्याने मात्र तो स्वतःहून चिकटवू नये. ‘नाचा’विषयीही अशीच सावधगिरी हवी. पालघर जिल्ह्यातील वारल्यांच्या तारपा नाचात नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात आणि तारपा वाजविणाऱ्याभोवती फिरतात. तेथे घटक साखळी हा आहे, एकटी व्यक्ती नव्हे. या प्रदेशातील एकट्या प्रतिमेला सहजगत्या ‘नर्तकी’ म्हणणारा येथील नाचाची कल्पना बाजूस सारून सभागृहातील नृत्याची कल्पना आणीत असतो.

या काळजीला तांत्रिक कारणही आहे. मेणाच्या ओतकामात प्रथम मेणाची प्रतिमा करून तिच्यावर मातीचा लेप देतात. तापविल्यावर मेण वाहून जाते, पोकळीत धातू ओततात आणि शेवटी साचा फोडतात. त्यामुळे अशी प्रत्येक प्रतिमा एकमेव असते. एकीची माहिती हरवली, तर तंतोतंत दुसरीवरून ती भरून काढता येत नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त या पद्धतीचे वर्णन आहे, त्याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेखही आहे. धातूचे कसब आणि कष्टकरी स्त्रीची वाणी ही दोन्ही एका ग्रंथात नोंदण्यायोग्य ठरली होती. आपल्या नोंदवह्यांतूनही ती वेगळी करण्याचे कारण नाही.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी पुण्यात उभारलेला संग्रह या बाबतीत मार्गदर्शक आहे. त्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वस्तू जमविल्या. त्यामुळे अडकित्त्याची आकृती अडकित्त्यासह राहिली आणि दिव्याची दिव्यासह. १९७५ साली हा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द झाला.

विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यात चार गोष्टी पाळाव्यात. वस्तू देणाऱ्याचे वाक्य त्याच्याच बोलीत, आपले मत लिहिण्यापूर्वी टिपावे. नामापेक्षा क्रियापद आधी विचारावे : हिचे काय करीत? झीज, डाख, तुटलेल्या कडा यांचे वर्णन नावाच्या आधी लिहावे. आणि अनुमान हे अनुमान म्हणूनच नोंदावे. याखेरीज, १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या धातुशिल्पांची नोंदणी करावी लागते व खाजगी व्यक्तीला त्यांची निर्यात करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

माझ्या नोंदवहीत आता असे लिहिले आहे : ‘झाकणाची मूठ. पितळ, ओतीव. मागे वाकलेली स्त्री. “हिला धरून झाकण उचलायचं.”’ वरचे ‘नर्तकी, कांस्य’ हे शब्द मी खोडले आहेत, परंतु ते वाचता येतील अशा एकाच रेघेने.