शांतिगिरी

थायलंडच्या उत्तर टोकास चिआंग राय नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्याची उत्तर सीमा ब्रह्मदेशास, म्हणजे आजच्या म्यानमारला, भिडलेली आहे. या सीमेपासून थोड्याच अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीच्या एका डोंगरधारेवर एक लहानसे गाव वसलेले आहे. त्याचे जुने नाव माए सालोंग. नवे नाव सांतिखिरी. हे दुसरे नाव ऐकताच मराठी कानांना काहीतरी ओळखीचे वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे. थायी भाषेत संस्कृत व पाली शब्द विपुल आहेत. त्यांचे उच्चार मात्र थायी वळणाचे झाले आहेत. ‘सांति’ म्हणजे शांति आणि ‘खिरी’ म्हणजे गिरि. सांतिखिरी म्हणजे शांतिगिरी, शांततेचा डोंगर!

एखाद्या गावास असे नाव मुद्दाम का द्यावे लागावे? जेथे शांतता पूर्वीपासूनच नांदत आहे, तेथे तिची अशी आठवण करून देण्याचे कारण पडत नाही. या नावामागे एक मोठी कथा आहे. ती समजून घेण्यासाठी, एका हिवाळ्यात तीन दिवसांच्या विश्रांतीसाठी तेथे गेलेल्या एका दांपत्याच्या पाठोपाठ आपणही त्या गावात जाऊ.

हे दांपत्य बँकॉकचे. पती एका कचेरीत हिशेबनीस, पत्नी शाळेत शिक्षिका. बँकॉक हे नदीकाठचे, सखल प्रदेशातील शहर. तेथे बारा महिने उकाडा असतो. त्यामुळे ज्याप्रमाणे थंड देशांतील लोक उन्हासाठी प्रवास करतात, त्याप्रमाणे बँकॉकचे लोक थंडीसाठी प्रवास करतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडील डोंगरांवर रात्री चांगलाच गारठा पडतो. पेटीतील लोकरीचा सदरा वर्षातून एकदा बाहेर काढावा, तोंडातून निघणारी वाफ पाहून हसावे आणि पहाटे दरीत साचलेल्या धुक्याकडे पाहत उभे राहावे, हीच त्यांची चैन. हे धुके इतके दाट व सपाट पसरते की थायी लोक त्यास ‘धुक्याचा समुद्र’ म्हणतात. त्यातून वर आलेले डोंगरमाथे खरोखरच बेटांसारखे दिसतात.

बँकॉकहून चिआंग राय शहर सुमारे ८०० किलोमीटर दूर आहे. तेथून पुढचा प्रवास दोघांनी ‘सोंगथेव’ने केला. सोंगथेव म्हणजे ‘दोन रांगा’. छोट्या मालमोटारीवर छप्पर घालून आत समोरासमोर दोन बाके बसविलेली असतात, म्हणून हे नाव. मैदान संपले, भातखाचरे मागे पडली आणि रस्ता वळणे घेत डोंगर चढू लागला. आज हा रस्ता डांबरी आहे. परंतु एके काळी येथे माणसांच्या व खेचरांच्या पायवाटांवाचून दुसरा मार्ग नव्हता. वाटेत दोन्ही बाजूंच्या उतारांवर एकाखाली एक अशा हिरव्या पायऱ्या दिसू लागल्या. ते चहाचे मळे होते.

दुसऱ्या दिवशी दोघे भल्या पहाटे उठून बाजारात गेली. हा बाजार सूर्योदयाच्या सुमारास भरतो आणि ऊन चढण्यापूर्वीच उठतो. भोवतालच्या पाड्यांवरून आखा, लाहू, लिसू इत्यादी जमातींचे लोक भाजीपाला, आले, रानातील कंदमुळे व मध घेऊन येतात. आखा स्त्रियांच्या डोक्यांवर चांदीची नाणी व मणी जडविलेली जड शिरोभूषणे असतात. एकीकडे कढईत तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या आणि सोयाबीनचे ऊन दूध विकले जाते. मात्र विक्रेत्यांची भाषा ऐकून पाहुणे जरासे गोंधळतात. थायी भाषा तेथे बोलली जाते, परंतु अनेक वृद्ध माणसे आपापसांत चिनी बोलतात. दुकानांवरील पाट्या चिनी लिपीत आहेत. दारांवर तांबड्या कागदाच्या शुभेच्छापट्ट्या चिकटविलेल्या आहेत. थायलंडच्या डोंगरावर हे चिनी गाव आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर त्यांना एका चहाच्या दुकानात मिळाले. दुकान एका वृद्ध बाईंचे होते. शिक्षिकेने त्यांना ‘पा’ म्हणून हाक मारली. थायी भाषेत आईवडिलांच्या थोरल्या बहिणीस ‘पा’ म्हणतात आणि आपण जसे परक्या वयस्कर स्त्रीला ‘मावशी’ म्हणतो, तसे तेथील लोक याच शब्दाने तिचा आदर करतात. पांनी पाणी उकळण्यास ठेवले आणि चहा कसा होतो ते प्रथम सांगितले.

या गावचा चहा ‘उलाँग’ जातीचा. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘काळा ड्रॅगन’ असा होतो. हिरवा चहा, काळा चहा व उलाँग हे तिन्ही एकाच झाडाच्या पानांपासून होतात. भेद आहे तो कृतीचा. पान खुडल्यावर त्यातील द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊ लागतो आणि सफरचंदाची फोड उघडी ठेवल्यास जशी तांबूस होते, तसे पान तांबूस होऊ लागते. ही क्रिया आरंभीच उष्णता देऊन थांबविली की हिरवा चहा होतो. ती पूर्ण होऊ दिली की काळा चहा होतो. आणि मध्येच थांबविली की उलाँग होतो. यासाठी पाने प्रथम उन्हात कोमेजवितात. नंतर बांबूच्या सुपांत ती पुनःपुन्हा हलवितात. त्यामुळे पानांच्या कडा किंचित चेचल्या जातात आणि सुगंध उतरू लागतो. योग्य क्षण येताच पाने तापवितात, कापडात गच्च बांधून मळतात, सोडतात, पुन्हा बांधतात. असे अनेकदा केल्यावर प्रत्येक पानाची लहानशी गोळी बनते. ऊन पाणी ओतताच ती गोळी उलगडते आणि आख्खे पान पुन्हा दिसू लागते. एकाच पानांवर चार-पाच वेळा पाणी घालून चहा घेता येतो. “हा चहा घाईच्या माणसासाठी नव्हे,” असे म्हणून पांनी दोन चिमुकले पेले पुढे केले.

मग त्यांनी गावाची कथा सांगितली. १९४९ साली चीनमधील यादवी युद्ध साम्यवाद्यांनी जिंकले. पराभूत राष्ट्रवादी सरकार तैवान बेटावर गेले. परंतु दक्षिणेकडील युन्नान प्रांतातील राष्ट्रवादी सैन्याच्या काही तुकड्यांना समुद्राची वाट उरली नव्हती. १९५० च्या आरंभी त्या सीमा ओलांडून ब्रह्मदेशाच्या डोंगरांत शिरल्या. आपण लवकरच मायदेश परत जिंकू, अशी त्यांना आशा होती. ती फलद्रूप झाली नाही. परक्या सैन्याचे हे ठाणे ब्रह्मदेशास अर्थातच नको होते. १९५३ साली त्याने संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार केली. त्यानंतर काही सैनिक तैवानला नेण्यात आले. १९६१ मध्ये लष्करी कारवाईमुळे उरलेल्यांनाही ब्रह्मदेश सोडावा लागला. तैवानला न गेलेले सैनिक बायकामुलांसह थायलंडच्या डोंगरांत उतरले. सेनापती तुआन शी-वेन यांच्या नेतृत्वाखालील लोकांनी माए सालोंग येथे वस्ती केली. पांचे वडील त्यांतील एक शिपाई होते. पा स्वतः खेचराच्या पाठीवरील टोपलीत बसून या डोंगरावर आल्या होत्या.

“एवढ्या माणसांनी येथे खाल्ले काय?” हिशेबनिसाने विचारले.

पा क्षणभर थांबल्या. “अफू,” त्या म्हणाल्या. “अफू विकून आणलेला तांदूळ.”

हे उत्तर कटू असले तरी खरे होते. खसखशीच्या झाडाच्या हिरव्या बोंडास चीर देऊन जो चीक काढतात, तीच अफू. तिच्यापासून वेदनाशामक औषधे होतात; परंतु तिचे व्यसन लागले की माणसाचे शरीर, संसार व स्वत्व यांची धूळधाण होते. हे पीक उंच डोंगरावरील थंडीत व हलक्या जमिनीतही येते. तिचा चीक कुजत नाही, वजनास हलका असतो आणि त्यास पैसाही भरपूर मिळतो. ज्या डोंगरावर रस्ता नाही, तेथून कोबी किंवा फळे बाजारात नेईपर्यंत सडून जातील. अफू मात्र खेचराच्या पाठीवर कितीही दूर जाऊ शकते. म्हणून गरीब डोंगरी शेतकरी ती पिकवीत, आणि सशस्त्र टोळ्या व सैन्ये तिच्या व्यापारावर जगत. थायलंड, ब्रह्मदेश व लाओस यांच्या सीमा जेथे मिळतात, तो प्रदेश त्यामुळे जगभर कुप्रसिद्ध झाला.

या पापात आपल्या भूमीचाही वाटा आहे, हे विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या राजवटीत बिहार व माळव्यातील अफू चीनमध्ये पाठविली जात असे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढे. चीनने तिला अटकाव केला, तेव्हा इंग्रजांनी १८३९ ते १८४२ या काळात त्याच्याशी युद्ध केले. व्यसन पसरल्यावर चीनमध्येही, विशेषतः युन्नानमध्ये, हे पीक वाढले आणि तेथून ते दक्षिणेच्या डोंगरांत उतरले. मुंबईच्या धक्क्यावरील पेट्या आणि माए सालोंगची खेचरे यांना जोडणारा धागा असा लांबलचक आहे.

पुढे थायी सरकारने या सैनिकांशी करार केला. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांनी त्या प्रांतातील साम्यवादी बंडखोरांशी लढावे आणि त्याबदल्यात त्यांना आश्रय व नागरिकत्व मिळावे, असे ठरले. त्या लढायांत अनेकांचे प्राण गेले. पांचे थोरले बंधू परत आले नाहीत. लढाया संपल्यावर सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली आणि गावास सांतिखिरी हे नाव मिळाले. सेनापती तुआन १९८० साली वारले. गावाच्या वरच्या अंगास त्यांची समाधी आहे.

परंतु केवळ नाव बदलून पोट भरत नाही. अफू सोडायची तर तिच्या जागी दुसरे काही उगवले पाहिजे आणि ते विकलेही गेले पाहिजे. हे ओळखून थायलंडचे राजे भूमिबोल यांनी १९६९ साली डोंगरी शेतीसाठी ‘राजकीय प्रकल्प’ सुरू केला. त्यातून फळझाडे, भाज्या व कॉफी यांचे प्रयोग झाले. माए सालोंग येथे तैवानमधून उलाँगची रोपे व ती जोपासण्याचे ज्ञान आले. डोंगरावर रस्ता आला. धुके, थंडी व उतार या ज्या गोष्टी अफूस मानवत होत्या, त्याच चहासही मानवल्या. ज्या हातांनी बंदुका धरल्या होत्या, ते हात हळूहळू पाने खुडण्यास शिकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दांपत्य गावावरील टेकडीवर गेले. माथ्यावरील स्तूपापर्यंत सातशेहून अधिक पायऱ्या आहेत. वाटेवर जंगली चेरीची झाडे गुलाबी फुलांनी डवरली होती. हीच झाडे हिमालयातही आढळतात. आपल्याकडे त्यांस पद्मकाष्ठ म्हणतात. वरून डोंगरांच्या रांगा थेट सीमेपलीकडे जाताना दिसत होत्या. सीमेच्या अलीकडे आज अफूची शेती जवळजवळ नाहीशी झाली आहे. पलीकडे मात्र अशांतता आहे, आणि २०२३ साली म्यानमार हा जगातील सर्वाधिक अफू पिकविणारा देश ठरला. डोंगर तेच, माती तीच, धुकेही तेच. परंतु एका बाजूस शाळा, रस्ते व बाजारपेठ पोचली, दुसऱ्या बाजूस युद्ध उरले.

शांतिगिरीचे सगळेच प्रश्न सुटले आहेत असे नव्हे. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतांत व रानांत लावलेल्या आगींचा धूर उत्तर थायलंडवर साचतो आणि श्वास घेणे कठीण होते. डोंगरी जमातींतील अनेकांना दीर्घकाळ नागरिकत्वाचे कागद मिळालेले नव्हते. ते लवकर देण्याचा निर्णय थायी सरकारने २०२४ मध्ये घेतला. गावातील तरुण मुले कामासाठी बँकॉकला व तैवानला जातात. दिवसा थायी शाळेत आणि सायंकाळी चिनी वर्गात शिकणाऱ्या मुलांना दोन्ही भाषा सांभाळाव्या लागतात.

निघताना शिक्षिकेने चहाचा एक पुडा घेतला. किती पैसे झाले हे विचारताना तिने दोन्ही हात जोडून मस्तक लवविले. एरवी दुकानदारास कोणी असा नमस्कार करीत नाही. पांनीही हात जोडले, आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकासाठी पाणी उकळण्यास ठेवले. विश्रांतीसाठी आलेले ते दांपत्य तीन दिवस शांततेत राहिले होते. ती शांतता कोणी, किती वर्षांनी आणि काय गमावून मिळविली, हे त्यांना आता ठाऊक झाले होते.

स्वाध्याय

१. ‘सांतिखिरी’ या नावाचा अर्थ सांगून ते गावास का देण्यात आले असावे, ते लिहा.
२. हिरवा चहा, काळा चहा व उलाँग यांत कोणता फरक आहे?
३. डोंगरी शेतकरी अफू का पिकवीत? ती सोडण्यासाठी कोणकोणत्या गोष्टींची गरज होती?
४. शिक्षिकेने पांना नमस्कार का केला असेल? तुमच्या शब्दांत सांगा.