दोन बोटं रुंदीचं चित्र

वारली चित्रातला तारपानाच गोल असतो. मधोमध तारपा फुंकणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या बायापुरुषांची वेटोळी रांग. दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब कागदावर हे वेटोळं मावत नाही. अशा वेळी वाचनखूण रंगवणारा चित्रकार काय करतो, ते पाहण्यात मला मोठा आनंद वाटतो. कुणी वेटोळं उलगडून रांग वरून खाली सोडतो. कुणी नाच बाजूला ठेवून ताडाचं झाड काढतो : पट्टीभर एकच खोड, मध्यावर चढणारा माणूस, शेंड्याला बांधलेली मडकी, बुंध्याशी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या. उभ्या पट्टीला याहून चांगला विषय मिळणं कठीण आहे.

डहाणू, तलासरी, जव्हारकडची ही चित्रं मुळात लग्नघराच्या कुडाच्या भिंतीवरची. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते. १९७०च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी शेत, जंगल, मासेमारी असं रोजचं जगणं कागद-कापडावर आणलं आणि ही कला जगभर पोहोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज नावाजलेल्या चित्रकाराचं मोठं चित्र भिंतीवर लावणं शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला परवडत नाही. वाचनखूण मात्र चहा-नाश्त्याच्या पैशात येते, आणि तीही त्याच हाताने काढलेली असते. भिंतीवरच्या चित्राकडे आपण महिनोन् महिने बघत नाही. पुस्तकातलं चित्र रोज रात्री हातात येतं.

आता नक्षी छापलेल्या पट्ट्यांचाही सुळसुळाट झाला आहे. वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कप, पिशव्या, चादरी यांवर ही माणसं सर्रास छापली जातात आणि त्यातला पैसा पाड्यांपर्यंत पोहोचत नाही. मला हे फार लागतं. निदान विकत घेताना तरी नीट बघावं. पट्टी उजेडात तिरकी धरावी. हाताने काढलेल्या चित्रात पांढरा रंग कागदावर किंचित उठून दिसतो, बोटाला लागतो. ठिपका ठेवून काडी उचलली की मध्ये बारीकसं टोक राहतं. शरीराचे दोन त्रिकोण कमरेशी जुळतात, तिथे रेघ कधी जाड, कधी बारीक होते. शिवाय नाचणाऱ्या दहा जणांतले दोघं कधीच हुबेहूब सारखे नसतात. छापील पट्टीवरून बोट सरळ घसरतं.

जुन्या पद्धतीत बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करतात आणि पिठाच्या पाण्यात डिंक घालतात. वाचनखुणेवर बहुतेक जण पांढरा पोस्टर कलर वापरतात. त्यावर नाक मुरडणारे भेटतात, पण मला चित्रकाराचं पटतं. पुस्तक दर वेळी मिटताना कागदावर कागद घासतो, आणि पिठाचा रंग काही महिन्यांत पोपडे धरून झडू लागतो.

कागदाचं महत्त्व कमी नाही. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हातकागद यासाठी उत्तम. पुण्यात शिवाजीनगरला १९४०पासून असा कागद बनतो आहे. सुताचे धागे लांब असल्यामुळे तो चिवट असतो, वर्षानुवर्षं दुमडत-मोडत नाही आणि लाकडी लगद्याच्या स्वस्त कागदासारखा लवकर पिवळा पडत नाही. लाकडाच्या किंवा पत्र्याच्या जाड पट्ट्या दिसायला सुरेख, पण त्यांनी पुस्तकाची शिवण सैल होते. खरी फुलं चिकटवलेली पट्टी घेतलीत तर फुलं पूर्ण वाळली आहेत ना, ते बघा; ओल राहिली तर पानावर डाग पडतो. गोंडा असेल तर तो पानाबाहेर सोडावा.

मुंबईत काळा घोडा महोत्सवात किंवा एखाद्या आदिवासी हस्तकला प्रदर्शनात चित्रकार स्वतः बसलेला भेटला, तर पट्टीच्या मागे त्याच्याकडून नाव आणि पाड्याचं नाव लिहून घ्यावं. पुढच्या वेळी हवं ते चित्र सांगून काढून घेता येतं : भातलावणी, मधाचं पोळं, पावसात घराकडे पळणारी पोरं. थोडे जास्त दिवस लागतात, तेवढे द्यावेत.