घर पाडण्याआधी यादी करा

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत उन्हाळा आला की जुनी कौलारू घरं पाडली जातात आणि त्या जागी स्लॅबची घरं उभी राहतात. नवं घर ही आनंदाचीच गोष्ट. पण जेसीबी चालला की सागवानी चौकटींची कांडकी होतात, कौलांचा चुरा होतो. त्याच गावात एखादं कुटुंब प्लास्टिकच्या कापडाखाली पावसाळा काढत असतं. ते पाहून आम्हाला हळहळ वाटते.

मंगलोरी कौल सहज टाकून देण्याची वस्तू नाही. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. तिथून हे कौल पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी पोहोचलं. जुनं कौल बोटाने वाजवून पाहावं. खणखणीत वाजलं तर ते पुन्हा छपरावर चढवता येतं, बद्द वाजलं तर तडा गेलेला समजावा.

मात्र देण्याआधी मालकी पाहावी. वडिलोपार्जित घरात सर्व वारसांचा हिस्सा असतो, सासरी गेलेल्या बहिणींचाही. एका भावाने परस्पर दारं उचलून दिली, तर तो दुसऱ्याच्या हिश्शातून केलेला सदका ठरेल. म्हणून आधी यादी करावी आणि बहिणींना, आखातातल्या भावाला फोन करून विचारावं. कुणाला दादीची पेटी आठवण म्हणून हवी असेल, ती बाजूला ठेवावी.

दुसरी गोष्ट ठेकेदाराची. लाकूड-लोखंड आपल्यालाच मिळणार असं धरून तो बऱ्याचदा भाव सांगतो. काय आपण ठेवणार, हे करारातच लिहून घ्यावं. काम सुरू झाल्यावर वाद होतात.

उतरवण्याचाही क्रम आहे. आधी वीज आणि पाणी रीतसर तोडून घ्यावं. मग पंखे, नळ आणि दारं-खिडक्यांच्या झडपा काढाव्यात. बिजागऱ्या आणि स्क्रू पिशवीत भरून त्याच दाराला बांधावेत. कौलं आढ्याकडून खाली उतरवून उभी रचावीत. चौकटी छप्पर उतरल्यावरच काढाव्यात, कारण वरच्या भिंतीचा भार त्यांच्यावर असू शकतो. लाकडाला पेचकस टोचून पाहावा. सहज आत शिरला तर वाळवीने पोखरलेलं आहे.

सिमेंटचे जुने पत्रे कुणाला देऊ नयेत. त्यांत एस्बेस्टॉस असतं आणि ते तुटताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. जुनी वायर, तडकलेलं कमोड हेही दान नव्हे. जे आपण स्वतःच्या घरात लावणार नाही, ते दुसऱ्याच्या दारी नेऊ नये.

घेणाऱ्याला आधी विचारावं, चौकटीचं माप सांगावं आणि टेम्पोचं भाडं आपण भरावं. भाडं त्याच्यावर पडलं तर फुकटचं कौलही त्याला महाग पडतं. शक्य असेल तिथे जमातीने एखादी पडवी ठरवून आलेला माल वहीत नोंदवावा. आणि हे सारं मृगाआधी व्हावं. कौलाची गरज पहिल्या सरीपूर्वीच असते.