ताडपत्रीतलं एरंडेल

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा सातपाटी, दांडी, नवापूरच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या असतात आणि त्यांच्यावर निळ्या ताडपत्र्या. सगळ्या सारख्याच दिसतात. पण एखादीची घडी उलगडताना पट्ट्यांचा भुगा हातात येतो, तर शेजारची अजून चिवट असते. पालघरच्या बाजारात या फरकाला ‘यूव्हीवाली’ आणि ‘साधी’ एवढीच नावं आहेत.

ताडपत्री पॉलिथिलीनच्या विणलेल्या पट्ट्यांची. शुद्ध पॉलिथिलीन ऊन जवळजवळ शोषतच नाही. घरभेदी वेगळेच असतात: उत्प्रेरकाचे उरलेले अंश आणि दाणा वितळवताना तयार झालेली पेरॉक्साइडं. 300 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण ते टिपतात. त्या किरणांत मोलमागे सुमारे 400 किलोज्यूल ऊर्जा असते आणि कार्बन-कार्बन बंध तुटायला 350 पुरतात. तुटलेलं टोक ऑक्सिजन धरतं, शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेतं, मग ती साखळीही बिथरते. दोरखंडावर हे स्पष्ट दिसतं. बाहेरचे तंतू पांढुरके, कुसळासारखे उभे. पीळ सोडवला की आतला गाभा मात्र नवाकोरा.

यावरचा सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे काजळी. पाण्याच्या काळ्या एचडीपीई पाइपांत ती दोन-अडीच टक्के असते. रंग काळा नको असेल तर बेन्झोफेनोन, बेन्झोट्रायाझोल वर्गातली शोषक रसायनं घालतात. ती किरण पिऊन त्यांची उष्णता करतात. सनस्क्रीनमधली काही रसायनं याच कुळातली. तारापूरला कारखाना असलेली गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स सनस्क्रीनसाठी अशी शोषकं बनवणारी कंपनी आहे. पण शोषकाला जाडी लागते. ताडपत्रीच्या पातळ पट्टीत किरण पुरेसे अडतच नाहीत.

तिथे कामाला येतात हॅल्स, म्हणजे हिंडर्ड अमाइन लाइट स्टॅबिलायझर. 1970च्या दशकात जपानी आणि स्विस कंपन्यांनी ती बाजारात आणली. ऊन अडवण्याच्या भानगडीत ती पडत नाहीत. तुटलेलं टोक पकडून साखळीप्रक्रिया थांबवतात आणि पुन्हा मोकळी होऊन पुढच्या टोकाकडे वळतात. म्हणून अर्धा टक्का, कधी त्याहून कमीही पुरतं. माझ्या मते या धंद्यातली सर्वांत देखणी कल्पना हीच.

त्यातलं हॅल्स 770 कशाचं बनतं, तर ॲसिटोन, अमोनिया आणि सिबॅसिक आम्ल यांचं. हे आम्ल निघतं एरंडेलापासून! एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला. तरीही हॅल्स बराच काळ बाहेरूनच येत राहिलं. अलीकडे दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला क्लीन सायन्स अँड टेक्नॉलॉजी या कंपनीने ते बनवायला घेतलं.

हॅल्सचा एक शत्रू शेतातच आहे. हे अमाइन अल्कधर्मी, त्यामुळे आम्लाशी त्याचं पटत नाही. पॉलिहाऊसमध्ये भुरी रोगावर गंधक मारलं की आच्छादनातलं हॅल्स निकामी होत जातं आणि कागद मुदतीआधीच फाटतो. डहाणूकडच्या शेतकऱ्याने कागद घेताना गंधक चालेल का, हे विचारूनच घ्यावं. त्यासाठी वेगळी, महाग हॅल्स मिळतात.

या रसायनांची किंमत समुद्रानेही मोजली आहे. यूव्ही-328 हे बेन्झोट्रायाझोल कुळातलं शोषक तरंगत्या प्लास्टिकबरोबर दूरवर जातं, समुद्रपक्ष्यांच्या अंगात सापडतं. मे 2023मध्ये स्टॉकहोम करारात ते बंदीच्या यादीत गेलं. तारापूरचा प्रश्न याहून जवळचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या प्रदूषण निर्देशांकात तिथली औद्योगिक वसाहत 93.69 गुणांसह देशात सर्वांत वर होती, आणि तिच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मच्छीमारच.

ताडपत्री घेताना गिऱ्हाईक जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम, ते विचारतं. उन्हापासून वाचवणारं स्थिरक (स्टॅबिलायझर) कोणतं, किती टक्के आणि किती महिन्यांच्या उन्हाला पुरेल, हेही मालावर छापायला कारखानदारांना अवघड नाही. स्थिरकाचा मास्टरबॅच, म्हणजे ते दाट मिसळलेला दाणा, मोजूनच तर घातलेला असतो.